एक रविवार सोडून

बाबा गेले मंगळवारी आणि माझं इंजेक्शन होतं रविवारी. घरातलं माणूस गेल्यावर असले विचार करू नयेत, हे मला कळतं. तरी मी केला. स्मशानातून आलो, दाराशी कडुलिंबाचा पाला चावला, आंघोळ केली, आणि समोर जमिनीवर ठेवलेल्या चहाकडे बघताना पहिला विचार आला तो हाच, की आता रविवारी मला सुई कोण टोचणार. रडू त्यानंतर आलं.

मला पाठीच्या कण्याचा आजार आहे. त्याचं नाव इतकं लांबलचक आहे की ते पुरं होईपर्यंत समोरच्याचा उत्साह संपतो, म्हणून मी नुसतं मणक्याचं दुखणं म्हणतो. मग समोरचा त्याच्या मावशीच्या स्लिप डिस्कची गोष्ट सांगतो आणि कुठलं तरी तेल सुचवतो. माझ्या आजारात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं आणि मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जातात. तो बरा होत नाही. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी पोटात इंजेक्शन घेतलं तर आवरलेला राहतो. नाही घेतलं तर सकाळी बिछान्यातून उठायला आधी कुशीवर, मग कोपरावर, मग गुडघ्यांवर, असं हप्त्याहप्त्याने उठावं लागतं. एरवी मी अंधेरीच्या एका ऑफिसात बसतो आणि दिसायला ठणठणीत आहे.

हे इंजेक्शन घरीच घ्यायचं असतं, आणि खरं म्हणजे स्वतःच घ्यायचं असतं. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी मला स्पंजच्या तुकड्यावर शिकवलं. चिमटीत कातडी धरा, सुई आत घाला, अंगठ्याने दट्ट्या सावकाश दाबा. स्पंजला मी छान टोचलं. मग त्यांनी शर्ट वर करायला सांगितला. माझा हात पोटापासून चार बोटांवर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. मी ढकलत होतो, तो जात नव्हता. "मुंगी चावल्यासारखं वाटेल हो," सिस्टर म्हणाल्या. मला मुंगीची भीती नव्हती. स्वतःच्या हाताने स्वतःला भोसकायची होती. दुसऱ्याने टोचलं तर ते औषध असतं आणि आपणच टोचलं तर शिक्षा वाटते, एवढा साधा फरक मी त्यांना सांगू शकलो नाही. तसाच शर्ट खाली केला.

बाबा बाहेर माझी फाईल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना आत काय चाललंय ते कसं कळलं माहीत नाही. आले आणि म्हणाले, "द्या इकडे." सिस्टरनी एकदा दाखवलं, त्यांनी एकदा बघितलं आणि टोचून मोकळे झाले. तरुणपणी गिरणीत तुटलेली सुतं सांधण्याचं काम त्यांनी केलं होतं, गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात मिळेल ते केलं. हात त्यांचा कधी थरथरला नाही. त्या दिवसापासून हे काम त्यांचं झालं आणि मी ते आनंदाने त्यांच्या गळ्यात टाकलं.

रविवारी ते उठले की आधी फ्रिजमधून सिरिंज काढायचे आणि मुठीत धरून गॅलरीत पेपर वाचत बसायचे. खोक्यातल्या कागदावर 'थोडा वेळ बाहेर ठेवा' एवढंच लिहिलंय, मुठीत धरा असं कुठेही नाही. मी तसं सांगूनही पाहिलं. "गार टोचला तर दुखता," ते म्हणाले आणि पान उलटलं. मासळी आणायला ते इंजेक्शननंतर जायचे, आधी नाही. हाताला वास नको. मग मला हाक मारायचे. मी पलंगाच्या कडेला बसायचो, मान तिसरीकडेच वळवायचो. सुई गेली, आली, की ते कापूस ठेवून अंगठ्याने दाबून धरायचे.

"झालं ना?" मी विचारायचो.

"थांब जरा."

आमच्याकडे बापलेकांनी मिठ्या मारायची पद्धत नाही. दहावीला मला बरे मार्क पडले तेव्हा त्यांनी माझ्या तळहातावर पेढा ठेवला होता आणि लगेच नळाचं पाणी भरायला गेले होते. मोठं झाल्यावर त्यांनी मला हात लावल्याचं आठवतं ते फक्त या रविवारांचं. रक्त कधी थेंबभर यायचं, कधी यायचंच नाही. अंगठा मात्र तेवढाच वेळ असायचा. कापूस वर करून बघायचे, काही नाही हे दिसायचं, आणि तरी परत दाबायचे. मी कधी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी हात काढून घेतला असता.

त्या मंगळवारी ते दूध आणायला खाली उतरले आणि येताना गेटजवळच्या बाकावर बसले. वॉचमनने इंटरकॉमवरून कळवलं, काका उठत नाहीत. दुधाची पिशवी मांडीवर तशीच होती, धड ठेवलेली.

अग्नी मी दिला, म्हणून क्रियेला मी बसलो. आता मुंबईत बरेच जण तीन दिवसांत उरकतात. आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्येच एकांनी उरकलं होतं आणि चौथ्या दिवशी ऑफिस गाठलं होतं. कुणी नावं ठेवली नाहीत. पण गावाहून काका आले, बाबांचे थोरले भाऊ, आणि आईनेही सांगितलं, "त्यांनी त्यांच्या वडिलांचं सगळं केलं होतं. त्यांचं काही कमी नको." मग माझ्या पाठीकडे बघून म्हणाली, "तुला झेपेल ना?" मी म्हटलं, झेपेल.

क्रियेला बसलेल्याने पंचा नेसायचा, जमिनीवर घोंगडीवर झोपायचं, आपलं ताट-तांब्या वेगळा ठेवायचा. आणि त्याला कुणी शिवायचं नाही. "धाव्यापर्यंत तुका कोणी शिवाचा नाय," काकांनी सांगितलं, "आणि तू पण कोणाक शिवू नको." ताई दिंडोशीहून आली होती. ती माझ्या ताटात भात वरून टाकायची, हात लागू नये म्हणून, आणि टाकताना तिचे डोळे भरून यायचे. भेटायला येणारे लांबूनच हात जोडायचे. जमीन माझ्या कण्याला काय करते ते मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी सगळे उठायच्या आत भिंत धरून उठायचो, म्हणजे ते हप्ते कुणाला दिसायचे नाहीत.

रविवार उजाडला. ताईने फ्रिज उघडून मला लांबूनच खोकं दाखवलं. आत दोन सिरिंजा होत्या.

"मी देते," ती म्हणाली. काका पुढे झाले.

"औषध घेवक कोणाची ना नाय. पण टोचतलो कोण? शिवाचा नाय म्हणजे नाय."

"काका, मी ग्लोव्हज घालते ना. मग कुठे शिवले मी?"

काकांनी खरंच विचार केला. ते दुष्ट नव्हते, त्यांना धाकट्या भावाचं नीट करायचं होतं इतकंच. "सुयेचा एक टोक तुझ्या हातात," ते शेवटी म्हणाले, "दुसरा तेच्या पोटात. मगे शिवला न्हय तर काय?"

यावर मी उत्तर शोधलंही नाही. मी हट्ट धरला असता तर काकांनी ऐकलं असतं, आईने तर नक्कीच. पण मला ते सोवळं सोयीचं पडत होतं. बाबांच्या जागी दुसऱ्या कुणाचा अंगठा मला नको होता. "मी घेतो माझं," मी म्हटलं. ताईने माझ्याकडे असं बघितलं की तिला माझं सगळं पूर्वचरित्र आठवलं असावं.

तिने वर्तमानपत्राच्या कागदावर सिरिंज आणि कापूस ठेवला आणि मागे सरली. मी आतल्या खोलीत घोंगडीवर बसलो. सिरिंज मुठीत धरली. टोपण काढलं. चिमटीत कातडी धरली. टोपण काढलं. सुईच्या टोकावर एक थेंब आला आणि थांबला, आणि माझा हातही थांबला, तिथेच, चार बोटांवर. दारातून ताई म्हणाली, "श्वास सोड आणि टोच यार, एका सेकंदाचं काम आहे." बाहेरून काका म्हणाले, "झाला काय?" मला वाटलं बाबा असते तर काही बोलले नसते, आणि त्यासरशी हातातून सिरिंज सुटली. सुई खाली घोंगडीत रुतली. तिला लोकरीचे केस चिकटले. वाट लागली. ते इंजेक्शन फुकट गेलं.

मी ओक्साबोक्शी रडलो, पाच दिवसांत नव्हतो रडलो तसा. एरवी कुणी रडायला लागलं की आपल्याकडे पाठीवरून हात फिरवतात. आई तिच्या कोपऱ्यातून उठून आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. तिचा हात उचलला गेला, मध्येच थांबला आणि परत मांडीवर गेला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने हात पदराखाली घेतला. मला त्या क्षणी काकांचा, धर्माचा, त्या घोंगडीचा इतका संताप आला की उठून सगळ्यांना मिठी मारावी आणि सगळं बाटवून टाकावं असं वाटलं. पण मला पटकन उठता येत नव्हतं.

संताप ओसरल्यावर मात्र बरंही वाटलं, ते सांगायला हवं. मागच्या खेपेचं इंजेक्शन बाबांनी दिलं होतं. नवीन घेतलं नाही तोवर माझ्या रक्तात असलेलं औषध बाबांच्या हातचं होतं. ते आता रोज थोडं थोडं उतरत होतं. पाठ दुखायला लागली तेव्हा मला वाटायचं, बाबा संपत चाललेत. आणि जोवर दुखणं सहन होण्याइतकं आहे तोवर ते थोडेसे आहेत. असा विचार शहाणा माणूस करत नाही. मी करत होतो, आणि दुसरी सिरिंज फ्रिजमध्ये पडून होती. ताई रोज विचारायची. मी रोज उद्या म्हणायचो.

दहाव्याला मला हे सगळं महागात पडलं. स्मशानाच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथे विधी होते. मान डावीकडे वळत नव्हती, मांडी घालता येत नव्हती. भटजींनी उंच पाट दिला. आधी न्हाव्याने डोकं केलं. इतक्या दिवसांत मला शिवलेला तो पहिला माणूस. त्याने एक तळहात माझ्या टाळूवर ठेवून डोकं घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने वस्तरा चालवला. त्या तळहाताखाली माझे डोळे वाहायला लागले. "हिलो मत भाई, कट जाएगा," तो म्हणाला. मी हललो नाही. त्याने लवकर संपवू नये असं मला वाटत होतं, पण त्याच्यामागे आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

पिंड ठेवला. बाजूला बाबांचा आवडता चहा ठेवला, ग्लुकोजचं बिस्कीट ठेवलं. सगळे मागे सरलो. आमच्याकडे कावळ्यांना तोटा नाही, शेडच्या पत्र्यावर ओळीने बसले होते. एकही उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, आणि तो सोडवायला जिवंत माणसांनी काहीतरी कबूल करायचं असतं. काका हात जोडून म्हणाले, गावच्या घरातलो तुझो वाटो तसोच रवतलो, कोण हात लावचो नाय. कावळे गप्प. ताई म्हणाली, आईला मी अंतर देणार नाही. एक कावळा पंख झाडून परत बसला. भटजींनी घड्याळ बघितलं. काकांनी मला लांबूनच खुणावलं. "तू बोल. तेचो जीव तुझ्यातच असतलो."

मला माहीत होतं काय बोलायचं. सगळ्यांनाच माहीत होतं.

"बाबा, मी इंजेक्शन घेईन," मी म्हटलं. आवाज फुटत होता. "माझं मीच घेईन. काळजी करू नका."

एक कावळा खाली उतरला. ताईने माझ्या दंडाजवळ हात आणला. कावळा तिरका तिरका उड्या मारत आमच्या पिंडापर्यंत आला, आणि पुढे जाऊन पलीकडच्या कुटुंबाच्या पिंडाला शिवला. तिकडच्या बायका आनंदाने रडायला लागल्या. आम्ही आणखी बराच वेळ उभे राहिलो. ऊन वाढत होतं, चहावर साय धरली होती. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिवून घेतला. दर्भाचा कावळा कुणाला नाही म्हणत नाही.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. मला राग कावळ्याचा आला नाही, बाबांचाही नाही. मला एवढंच कळलं होतं की बाबा तिथे नव्हतेच. अडकलेले नव्हते, रुसलेले नव्हते, माझ्या बोलण्याची वाट बघत नव्हते. कावळा नुसता कावळा होता आणि त्याला पलीकडचा भात जास्त आवडला. आणि बाबा माझ्या रक्तातही नव्हते. माझी पाठ ते केव्हापासून सांगत होती. रिक्षा खड्ड्यात आदळली की मी ओरडत होतो.

आंघोळ झाली, नवे कपडे झाले. काका आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, नेमका जिथे दुखतं तिथे. "झाला रे बाबा," म्हणाले. मग एकेक करून सगळ्यांनीच हात लावला, डोक्याला, खांद्याला, गालाला. जणू साठवून ठेवले होते. ताईने फ्रिजमधून दुसरी सिरिंज आणली.

"चल, शर्ट वर कर. आता मी मोकळी आहे शिवायला."

मी पलंगाच्या कडेला बसलो आणि सवयीने मान वळवायला गेलो. ती वळली नाही. म्हणून मला ताईचे हात दिसले. चांगले हात आहेत तिचे, धीट आहेत. तिने टोचलं असतं तर सगळं नीट झालं असतं, आणि एक रविवार सोडून ती दिंडोशीहून नाहूरला येत राहिली असती, पोरांना सोडून, नवऱ्याची कटकट ऐकून, आणि मी दर वेळी तिच्या अंगठ्याखाली बाबांचा अंगठा शोधत बसलो असतो.

"दे इकडे," मी म्हटलं.

"नाटकं करू नकोस हां. एकच उरलंय."

"माहितीये. दे."

भीती जाते तेव्हा धीर येतो असं म्हणतात. माझी गेली तेव्हा काहीच आलं नाही. राखायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ती गेली, रिकाम्या घराला कुलूप लावायचं कुणी विसरावं तशी. मी सिरिंज मुठीत घेऊन गॅलरीत बसलो. पेपर नव्हता, सुतकात कुणी तो पेपरवाल्याकडून उचललाच नव्हता. सिरिंजचा गारवा गेला तेव्हा आत आलो. आई पलंगावर माझ्या शेजारी येऊन बसली, इतकी जवळ की तिचा खांदा मला लागत होता.

चिमटीत कातडी धरली. हात चार बोटांवर आला. मी वाट बघितली की तो थांबेल. तो थांबला नाही. सुई गेली, आणि मला आत शिरताना ती दिसली, कारण आता टोचणारा मीच होतो, दुसरीकडे बघून चालणार नव्हतं. मुंगी वगैरे काही नाही. दुखतं. औषध आत जाताना आग होते आणि ती आग आपणच अंगठ्याने आत ढकलत असतो. ढकलली. सुई काढली. कापूस ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

काका दारात होते, ते म्हणाले, "शाब्बास." ताई माझ्याकडे न बघता रिकामी सिरिंज कागदात गुंडाळायला लागली. मी कापूस वर करून बघितला. रक्त आलंच नव्हतं. आता हे काम माझं झालं होतं, मी मरेपर्यंत, एक रविवार सोडून, आणि त्यासाठी मला हात लावायची गरज जगात कुणालाच उरली नव्हती. मी कापूस परत ठेवला.

"झालं ना रे?" आईने विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं, आणि अंगठा दाबून धरला.